थांब्यावर कोण उभं आहे?

अक्कलकुवा, १० नोव्हेंबर २०२१

पायाखाली आधी डांबर लागतं, मग तेल पिऊन काळी झालेली माती. तुम्ही एसटी आगाराच्या फाटकाशी उभे आहात. पहाटेचे पाच वाजलेत. भाऊबीज होऊन चारच दिवस झालेत, समोरच्या गल्लीत एक-दोन आकाशकंदील अजून लटकताहेत. सातपुड्याकडून गार वारा येतोय आणि त्या वाऱ्यात काहीतरी कमी आहे. जरा वेळानं लक्षात येतं, डिझेलचा वास नाही.

एरवी या वेळी आगारात चार-पाच इंजिनं घुरघुरत असतात. नियंत्रकाच्या खिडकीत दिवा असतो. गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवलेला वाहक डोळे चोळत लॉगशीट शोधत असतो. आज लाल गाड्या भिंतीकडे तोंड करून रांगेत उभ्या आहेत. त्यांच्या पाट्याही कोणी काढलेल्या नाहीत : मोलगी, धडगाव, तळोदा, नंदुरबार. पलीकडे मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत, शाळेच्या मुलींसाठीच्या. काचांवर दव साचलंय.

या प्रवासाची अट एकच. तुमच्या खिशात वर्तमानपत्रांच्या कात्रणांची एक घडी आहे. या संपाच्या सगळ्या तारखा त्यात आहेत, शेवटचीसुद्धा. ती घडी इथं कोणाला दाखवायची नाही.

फाटकाबाहेर चार बांबूंवर ताडपत्री ताणलीय. खाली सतरंजी. ‘एसटीचे राज्य शासनात विलीनीकरण झालेच पाहिजे’ असा हातानं रंगवलेला फलक आहे. ‘विलीनीकरण’मधला ‘ण’ फळ्याच्या कडेला आल्यामुळे बारीक झालाय. शेकोटीभोवती सहा-सातजण बसलेत, अंगावर खाकी आणि त्यावर स्वेटर. त्यातला एक सरकून जागा करतो.

“पेपरवाले का?”

“नाही, असंच.”

“असंच कोणी अक्कलकुव्याला येत नाही, भाऊ. बसा.”

तो चालक आहे. मोलगीच्याही वर, डोंगरातल्या एका गावाला तो मुक्कामी गाडी नेतो, म्हणजे काही दिवसांपूर्वीपर्यंत नेत होता. मुक्कामी गाडी हा प्रकार शहरातल्या माणसाला समजावून सांगावा लागतो. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी गावात जाते आणि रात्रभर तिथंच थांबते. चालक मागच्या लांब बाकावर झोपतो, वाहक पुढच्या. सकाळी तीच गाडी पहिली फेरी घेऊन खाली येते. तिच्यातून बाळंतीण येते, आमचूर-भगरीची पोती येतात, कोर्टाच्या तारखेला निघालेला म्हातारा येतो. गावात घड्याळ नसलं तरी चालतं, गाडीचा हॉर्न असतो.

“मास्तर, पगारपत्रक दाखवा यांना,” तो शेजारच्या वाहकाला म्हणतो. एसटीत चालक वाहकाला मास्तरच म्हणतो, दोघांत वयानं कोणी का मोठा असेना.

मास्तर मोबाइल पुढे करतो. नव्या भरतीतल्या माणसाचं मूळ वेतन १२ हजार ८० रुपये. भत्ते धरून १७ हजार ३९५. त्यातून सोसायटीचं कर्ज कापलं जातं आणि हातात काय येतं ते तो सांगत नाही, मोबाइल परत खिशात ठेवतो. “आणि हा वेळेवर आला तर,” एवढंच म्हणतो. कोरोनाच्या काळात गाड्या उभ्या राहिल्या, उत्पन्न आटलं, पगार महिनोनमहिने रखडले. त्याच काळात परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला याच गाड्या गेल्या आणि मुंबईत बेस्टच्या मदतीला जिल्ह्याजिल्ह्यांतून हेच चालक-वाहक गेले.

आता हे पंधरा दिवसांत कसं पेटलं ते सगळेजण एकदम सांगू लागतात. २७ ऑक्टोबरला कर्मचारी संघटनांच्या कृती समितीचं उपोषण सुरू झालं. मागण्या साध्या होत्या : महागाई भत्ता, घरभाडे, वेतनवाढ. दुसऱ्याच दिवशी सरकारनं २८ टक्के महागाई भत्ता मान्य केला आणि पुढाऱ्यांनी उपोषण सोडलं. पण काही आगारं परत सुरू झालीच नाहीत. तिथं एक वेगळाच शब्द धुमसत होता, विलीनीकरण. उच्च न्यायालयानं संपावर जाऊ नका म्हणून बजावलं. ८ नोव्हेंबरला सरकारनं मुख्य सचिवांसह तिघांची समिती नेमली, तिला बारा आठवडे दिले. तोवर ठिणगी आगारा-आगारांत पोचली होती. आज राज्यातली जवळपास अडीचशे आगारं बंद आहेत. नव्वद हजारांहून जास्त माणसं घरी नाहीत आणि कामावरही नाहीत, अशा ताडपत्र्यांखाली आहेत.

“आमचं म्हणणं काय?” चालक विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. “तलाठी सरकारी, गुरुजी सरकारी, ग्रामसेवक सरकारी. त्यांना गावात नेऊन सोडणारा मी कोणाचा? महामंडळाचा. महामंडळ कोणाचं? सरकारचं. मग मी?”

१९४८ सालच्या १ जूनला नगरहून पुण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा ती सरकारी होती. पुढे १९५०चा कायदा आला, महामंडळ झालं आणि कर्मचारी त्या महामंडळाचे झाले. नफा-तोटा महामंडळाचा, तिकिटाचे दर आणि सवलती मात्र सरकार ठरवणार. ज्या गावात चार माणसं चढतात तिथं गाडी गेलीच पाहिजे, कारण ते कर्तव्य; आणि ती फेरी तोट्यात गेली तर तो तोटा एसटीचा. ही गाठ या तंबूतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. शेजारचं उदाहरणही पाठ आहे. तेलंगणात २०१९ साली एसटीवाले ५२ दिवस संपावर राहिले आणि रिकाम्या हातांनी परतले. त्याच सुमारास आंध्रात मात्र सरकारनं कायदा केला आणि २०२०च्या १ जानेवारीपासून तिथले कर्मचारी सरकारी झाले.

“मग आंध्रात होतं, इथं का नाही?” मास्तर विचारतो.

कोणीतरी स्टीलचा डबा उघडतं. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. तुमच्याही हातावर तुकडा येतो. आणि मग तो प्रश्न येतो, ज्याची तुम्हाला भीती होती.

“भाऊ, किती दिवस चालेल हो हे?”

खिशातली घडी जड होते. शेवटच्या कात्रणावर तारीख आहे २२ एप्रिल. ठेचा तिखट आहे म्हणून डोळ्यांत पाणी आलंय, असं तुम्ही भासवता.

“बघू,” तुम्ही म्हणता.

देवगोई घाट, त्याच दिवशी सकाळी

फाट्यावर काळीपिवळी जीप उभी आहे. चालकाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना माणसं, मधल्या बाकावर पाच, मागे समोरासमोर आठ, टपावर पोती आणि पोत्यांवर दोन पोरं. तुम्ही मागच्या पायरीवर एका पायावर उभे राहता. परवा, ८ तारखेलाच सरकारनं अधिसूचना काढलीय : संप आहे तोवर खासगी बस, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस, मालवाहू गाड्यासुद्धा प्रवासी नेऊ शकतात. म्हणजे कालपर्यंत जे चोरून चालायचं ते आज कायद्यानं चालतंय.

घाट सुरू होतो. वळणावर जीप दरीकडे कलते तेव्हा बोलणं थांबतं, वळण संपलं की तिथूनच पुढे सुरू होतं. पावरी, भिली, मधेच अहिराणी. तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून एक मुलगी बसलीय. मांडीवर दप्तर, दप्तरावर दोन्ही हात. दहावीत आहे, अक्कलकुव्याला मावशीकडे राहून शिकते, दिवाळीला घरी जायचं राहिलं म्हणून आता चाललीय. गेलं दीड वर्ष शाळा जवळपास बंदच होती. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले. महिना झाला नाही तोच गाडी बंद.

“पास आहे माझ्याकडे,” ती सांगते. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा प्रवास मोफत असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे. पास प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. जीपवाला पास बघत नाही. तो हात पुढे करतो आणि ती रुमालाची गाठ सोडते.

जीपमध्ये आणखी एक कुटुंब आहे. नवरा-बायको, तीन पोरं, गाठोड्यात भांडी आणि कोयता. ते वर निघालेत ते फक्त म्हातारीला घरी पोचवायला. परवा परत उतरतील आणि ऊसतोडीला गुजरातेत जातील. दिवाळीनंतर या डोंगरांतून हजारो माणसं अशी खाली उतरतात. त्यांना कोण नेतं? मुकादमाचा ट्रक असतो, नाहीतर ही जीप. संप असो वा नसो, मुकादमाचं काम अडत नाही.

इथं तुमच्या लक्षात एक गोष्ट येते आणि ती दिवसभर तुम्हाला सोडत नाही. गाड्या थांबल्या, तरी वाहतूक थांबलेली नाही. ती फक्त महाग झालीय, धोक्याची झालीय आणि तिकिटाशिवाय चालू आहे. एसटीवाल्यांनी ज्याला कोंडीत पकडायचं ते सरकार मुंबईत आहे. कोंडीत सापडली ती रुमालाची गाठ सोडणारी पोर.

मुलगी मोलगीच्या अलीकडे उतरते. तिथं सिमेंटचा एक थांबा आहे, वर पत्रा, आत एक कुत्रं. “इथंच थांबते मामांची गाडी,” ती म्हणते. मुक्कामी गाडीचे चालक तिच्या गावाचे मामा झालेत. त्या मामांसोबत तुम्ही सकाळी भाकरी खाल्लीत, हे तुम्ही तिला सांगत नाही.

सांताक्रूझ, ९ सप्टेंबर २००९

घडीतलं एक कात्रण बाकीच्यांपेक्षा जुनं, पिवळं आहे. त्याला बोट लागतं आणि घाटातलं धुकं सरकतं.

तुम्ही मुंबईच्या देशांतर्गत विमानतळावर आहात. सामानाच्या ढकलगाड्या एकमेकींत अडकल्यात. सुटाबुटातली माणसं फरशीवर बसलीत आणि फोनवर कोणाला तरी इंग्रजीत झापताहेत. फलकावर जेट एअरवेजच्या एकामागून एक उड्डाणांसमोर ‘रद्द’ असं लिहून येतंय. काल, ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिकांनी आजारी असल्याचं कळवलंय. सगळे एकाच दिवशी आजारी.

भांडण काय, तर वैमानिकांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ नावाची संघटना काढली आणि त्यानंतर काही वैमानिकांना कंपनीनं कामावरून काढलं. त्यांचं म्हणणं : संघटना काढली म्हणून काढलं, त्यांना परत घ्या. आधी संपाची नोटीस दिली. मग न्यायालय आलं, कामगार आयुक्त आले. विमानसेवा असो की एसटी, तेव्हाच्या कायद्याच्या लेखी दोन्ही लोकोपयोगी सेवा. नोटिशीशिवाय आणि तडजोडीच्या बोलण्या चालू असताना संप करता येत नाही. मग वैमानिकांनी ‘संप’ हा शब्दच सोडून दिला. आजारपणाला नोटीस लागत नाही.

तुम्ही फरशीवर बसून हिशेब मांडता. इथल्या माणसांचीही लूट चालू आहे. दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं एका रात्रीत महागलीत, तीही जीपसारखीच. फरक एवढाच की इथं दर दहा पावलांवर कॅमेरा आहे. अडकलेला प्रवासी कॅमेऱ्यापुढे संतापतो आणि तो संताप रात्री देशभर दिसतो. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्री आहेत. त्यांना रोज काहीतरी बोलावं लागतं. आणि दुसरा फरक चालकाच्या खुर्चीचा. वैमानिकाच्या परवान्यावर प्रत्येक जातीच्या विमानाची वेगळी नोंद लागते. बोइंगवाल्याला उद्या सकाळी उठून एअरबसवर बसवता येत नाही, मग टेम्पोवाल्याची गोष्टच सोडा. या आजाऱ्यांना पर्याय नाही.

पाच दिवसांत, १२ सप्टेंबरच्या रात्री, तडजोड होते. काढलेले वैमानिक परत कामावर येतात.

म्हणून पगार जास्त त्याचा संप जिंकतो, असा सोपा निष्कर्ष काढू नका. घडीत आणखी एक कात्रण आहे, २०१२चं. एअर इंडियाचे वैमानिक ७ मेपासून असेच आजारी पडले. ड्रीमलायनर या नव्या विमानांच्या प्रशिक्षणात आपला हक्क डावलला जातोय, अशी त्यांची तक्रार होती. दिल्ली उच्च न्यायालयानं संप बेकायदा ठरवला, शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले, त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. ५८ दिवस ताणून ३ जुलैला ते जवळपास विनाशर्त परतले. कंपनी सरकारची होती आणि तिचा तोटा कोणा एका मालकाच्या खिशातून जात नव्हता. परदेशी निघालेल्यांना दुसऱ्या विमानांत जागा होत्या. जिथं अडलेला माणूस दुसरी वाट धरतो आणि ज्याच्याशी भांडायचं त्याला दर दिवसाची झळ लागत नाही, तिथं वैमानिकाचासुद्धा एसटीवाला होतो.

संप किती दिवस चालणार, हे संप करणाऱ्याच्या जिद्दीवर ठरत असेल असं तुम्हाला वाटायचं. सांताक्रूझच्या फरशीवर तुम्हाला कळतं की ते थांब्यावर कोण उभं आहे आणि त्याचा आवाज कुठवर जातो, यावर ठरतं.

अक्कलकुवा, नोव्हेंबरचा शेवट ते मार्च

ताडपत्री आता उन्हानं विटलीय. तुम्ही परत येता तो दिवस २५ नोव्हेंबर. काल परिवहनमंत्री अनिल परब यांनी पगारवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंतच्या नोकरीला मूळ वेतनात ५ हजार, दहा ते वीस वर्षांना ४ हजार, त्यापुढे अडीच हजार. १२ हजार ८०चे १७ हजार ८० झाले, एकूण पगार २४ हजार ५९४. पगार महिन्याच्या दहा तारखेच्या आत होईल, हेही सांगितलं. मुंबईत आझाद मैदानावर या आंदोलनाचं नेतृत्व करणारे गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत आज बाजूला झाले.

तंबूत पहिल्यांदा दोन आवाज ऐकू येतात.

“सात हजारांची वाढ आहे. एवढी कधी मिळाली होती?” मास्तर म्हणतो. तो नवीन आहे, वाढ त्याला जास्त मिळतेय.

“आणि विलीनीकरण?” चालक विचारतो. त्याची नोकरी बावीस वर्षांची, त्याला अडीच हजार. “वाढ आज देतील, उद्या परत रखडवतील. मला वाढ नको, मालक पाहिजे. कोणाचा नोकर ते एकदा ठरू दे.”

मास्तर काही बोलत नाही. शेकोटीत काटकी सरकवतो.

मग दिवस पत्त्यांसारखे पिसले जातात. निलंबनाची पत्रं धुळ्याहून येतात. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, पण एसटीचा विभाग धुळ्यातच राहिला. निलंबनापाठोपाठ बडतर्फी. २० डिसेंबरला संपाची नोटीस देणारी संघटनाच संप मागे घेतल्याचं जाहीर करते आणि तंबूतलं कोणी हलत नाही. आता त्यांचा भरवसा न्यायालयात बाजू मांडणाऱ्या गुणरत्न सदावर्ते यांच्यावर आहे. मोबाइलवर त्यांची भाषणं मोठ्या आवाजात वाजतात. जानेवारीत महामंडळ निवृत्त चालकांना कंत्राटावर बोलावतं. अत्यावश्यक सेवेचा ‘मेस्मा’ कायदा लावणार, लावणार असं इतक्या वेळा ऐकू येतं की धमकीची सवय होते. धमकीचं असंच असतं, ती खरी होईपर्यंतच तिची किंमत. वैमानिकांच्या संपाच्या धमकीनं कंपनीचा शेअर हलतो. इथं धमकी सरकारची आहे आणि हलायला तंबूच्या चार बांबूंशिवाय काही नाही.

राज्यात कुठं कुठं पोलीस बंदोबस्तात गाड्या निघतात, काही ठिकाणी त्यांच्यावर दगड पडतात. राज्यभरातून आत्महत्यांच्या बातम्या येतात. त्या तंबूत कोणी मोठ्यानं वाचत नाही, मोबाइल हातोहात फिरतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मास्तर येत नाही. दुपारी कळतं, तो हजर झाला. संध्याकाळी तो तंबूसमोरून जातो तेव्हा कोणीतरी ‘गद्दार’ म्हणतं. चालक मान वर करत नाही. रात्री तुम्हाला म्हणतो, “त्याची बायको आठव्या महिन्यात आहे. मी त्याच्या जागी असतो तर मीही...” आणि वाक्य अर्धंच राहतं. एका गाडीत कितीतरी रात्री एकत्र झोपलेली माणसं. एकाच्या घोरण्याची दुसऱ्याला सवय.

मार्च उजाडतो. समितीचा अहवाल येतो : विलीनीकरण शक्य नाही. १५ तारखेला दहावीची परीक्षा सुरू होते. तुम्ही पहाटे फाट्यावर जाता. जीपच्या पायरीवर, दांडीला धरून, ती उभी आहे. मावशीकडे फार दिवस राहता आलं नाही, तिचं घरही रिकामं झालं, सगळे उसाला गेले. म्हणून ती रोज वरून येते. परीक्षेला वेळेत पोचायचं तर पहिली जीप, आणि पहिल्या जीपमध्ये बसायची जागा नेहमी आधीच भरलेली. तिच्या बोटांना मोहाच्या फुलांचा वास आहे. ती अंधारात उठून फुलं वेचून मग निघालीय.

“मामांची गाडी कधी येणार?” ती विचारते.

दोन दिवसांनी होळी. मोलगीजवळच्या काठी गावच्या राजवाडी होळीला डोंगरभरची माणसं जातात, मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरं आणि दुधी भोपळे बांधून. चालक दरवर्षी जादा गाडी न्यायचा, त्या रात्री डोंगरातला ढोल ऐकत गाडीतच झोपायचा. यंदा तो पहिल्यांदाच तिकडे प्रवासी म्हणून निघालाय, जीपच्या टपावर. फाट्यावरून तुम्ही त्याला जाताना बघता. तो हसतो, हात हलवतो आणि वळणावर टपाच्या पाइपाला दोन्ही हातांनी घट्ट धरतो. घाट त्याला तोंडपाठ आहे, पण ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला तो पाठ आहे की नाही, हे त्याला माहीत नाही.

मोलगीच्या वाटेवर, २२ एप्रिल २०२२

७ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालय सांगतं : २२ तारखेपर्यंत हजर व्हा, हजर होणाऱ्यावर बडतर्फीची कारवाई नको. दुसऱ्या दिवशी मुंबईत काही आंदोलक शरद पवारांच्या ‘सिल्व्हर ओक’ या घरावर चालून जातात, चपला आणि दगड फेकले जातात, शंभरावर माणसांना अटक होते. त्या रात्री तंबूतला मोबाइल बंद असतो. तंबू कोणी मोडला ते तुम्हाला दिसत नाही. सकाळी चार बांबू भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, एवढंच.

आज २२ तारीख. चालकानं खाकी कडक इस्त्रीची घातलीय, कोपरावर मात्र शेकोटीच्या ठिणगीचं भोक. गाडीच्या छताखाली चिमण्यांनी घरटं केलंय. बॅटरी उतरलेली. चावी फिरवली की नुसतं कट् होतं. मग सगळेजण मागे जाऊन धक्का मारतात. ज्यांनी थांबवली तेच ढकलताहेत, हे कोणी बोलून दाखवत नाही, पण दोघं-तिघं हसतात. फाटकापर्यंत ढकलल्यावर इंजिन खोकतं आणि धरतं. काळ्या धुराचा लोट येतो. तुम्ही तो वास छातीभर घेता.

दारातून मशीन गळ्यात घालून मास्तर चढतो. आज त्याची ड्युटी चालकाबरोबर लागलीय. चालक आरशात बघतो. दोघं बोलत नाहीत. मग मास्तर दोनदा घंटी वाजवतो, आणि त्या दोन घंट्यांमध्ये जे काही म्हणायचं ते म्हणून होतं.

काय मिळालं? पगार वाढला, तो या दोघांच्याही हातात पडला. बडतर्फ झालेले परत आले. विलीनीकरण झालं नाही. साडेपाच महिन्यांचा पगार गेला. सांताक्रूझला पाच दिवस पुरले होते.

घाटात गाडी जुन्या ओळखीनं चढते. चालकाचा हात आधी गिअर शोधतो, दुसऱ्या वळणापासून शोधत नाही. समोरून जीप येते, भरलेली. तिला जागा द्यायला गाडी थांबते आणि जीपमधली माणसं लाल गाडीकडे अशी बघतात, जसं बरेच दिवस गावाला गेलेल्या नातेवाइकाकडे बघावं : ओळख आहे, पण त्याच्यावाचून अडायचं बंद झालंय.

मोलगीच्या अलीकडे सिमेंटचा थांबा येतो. रिकामा. कुत्रंही नाही. नियमानं थांबायची गरज नाही, उतरणारं कोणी नाही. तरी चालक गाडी थांबवतो आणि हॉर्न देतो. एकदा. मग लांब, पूर्वीसारखा.

बराच वेळ काही होत नाही. मास्तर घंटीच्या दोरीला हात लावून उभा आहे, ओढत नाही. मग वरच्या पायवाटेनं ती धावत येते. हातात टोपली, टोपलीत मोहाची सुकलेली फुलं. परीक्षा संपलीय, पास संपलाय, आज कुठं जायचंही नाही तिला. नुसतं बघायला आलीय.

“मामा,” ती खिडकीशी येऊन विचारते, “आता रोज येईल ना?”

चालक मास्तरकडे बघतो. मास्तर तुमच्याकडे बघतो. पहिल्या दिवशी तुमच्या तोंडून ‘बघू’ निघालं होतं, ते यांच्या लक्षात आहे. आता संप संपलाय, सांगायला हरकत नाही. तुम्ही खिशातली घडी काढता आणि मांडीवर उलगडता. ऑक्टोबर आहे, नोव्हेंबर आहे, समिती, अहवाल, निकाल, आझाद मैदान, सगळं आहे. तुम्ही शेवटचं कात्रण उलटूनही बघता.

या थांब्यावर उद्या गाडी आली की नाही, हे कुठल्याच कात्रणात नाही.

ती अजून खिडकीशी उभी आहे. इंजिन चालू आहे.